गोळ्या चालू असताना डोक्यात काय चाललं होतं

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. हे आधीच सांगते, कारण हार्मोनच्या गोळ्या चालू असताना काहीतरी बिनसलंय याचा पहिला सुगावा मला कामातच लागला. डिक्टेशन देणारा माणूस नेहमी पाच-सहा शब्द पुढे असतो. हात मागचं लिहितो, कान पुढचं ऐकतो आणि मधले शब्द तेवढा वेळ डोक्यात धरून ठेवायचे असतात. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याचं काही वाटेनासं होतं. एके दुपारी साहेब निकालपत्र सांगत होते, "सदर दस्तऐवज निशाणी ३४ वर दाखल असून वादीने तो..." माझी पेन्सिल "वादीने तो"पर्यंत पोचली आणि पुढचं वाक्य डोक्यात उरलंच नव्हतं. ऐकू आलं होतं, कळलंही होतं, पण लिहायच्या वेळी गायब. साहेबांनी पुन्हा सांगितलं. मग तसं रोज व्हायला लागलं, दिवसातून कित्येकदा.

त्याच सुमारास आणखी काहीतरी घडत होतं आणि ते मला धड सांगताही येत नव्हतं. मुलगी शाळेतून येऊन कुशीत शिरायची. बाई काय म्हणाल्या, डब्यातली चकली कुणी पळवली, सगळं सांगायची. मी ऐकायचे, हो हो म्हणायचे आणि आत काहीच हलायचं नाही. मग रात्री ओटा पुसताना कारण नसताना डोळे भरून यायचे. नवऱ्याने एकदा हळूच विचारलं, "ऑफिसात कुणी काही बोललंय का?" कुणीही काही बोललं नव्हतं.

तेव्हा मला गोळ्या सुरू होऊन काही महिने झाले होते. बाळंतपणानंतर पाळीचं गणित कोलमडलं होतं. दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही आणि आली की थांबायची नाही. हनुवटीवर राठ केस, पाठीवर पुरळ, वजनाचा काटा वर. सोनोग्राफीत पीसीओडी, म्हणजे अंडाशयाच्या कामातला हार्मोनचा बिघाड, निघालं. एका दवाखान्यात दोन औषधं लिहून मिळाली: मेटफॉर्मिन, हे मुळात मधुमेहाचं औषध, आणि एकवीस दिवसांच्या हार्मोनच्या गोळ्या. त्या गोळ्यांत एथिनिल एस्ट्राडायॉल (हे कृत्रिम एस्ट्रोजेन) आणि सायप्रोटेरोन (हे प्रोजेस्टिन) अशी जोडी होती. दुसरं मूल इतक्यात नको होतं, तेही त्यात साधलं. गोळ्यांनी आपलं काम चोख केलं, हे मला ठामपणे सांगायचंय. पाळी ठरल्या दिवशी येऊ लागली, पुरळ गेलं, हनुवटीचे केसही हळूहळू कमी झाले.

त्यामुळेच डोक्याच्या तक्रारीचा संबंध गोळ्यांशी जोडायला वेळ लागला. जोडला तेव्हा दोन ठाम उत्तरं मिळाली. दवाखान्यात सांगितलं, "या गोळ्या पाळीच्या, त्यांचा डोक्याशी काय संबंध? टेन्शन घेऊ नका, प्राणायाम करा." घरी सासूबाई म्हणाल्या, "हार्मोनच्या गोळ्यांनी डोकं फिरतं. आमच्या नात्यात एकीचं झालंय. आजच्या आज बंद कर बाई." सासूबाईंच्या बोलण्यात काळजी होती, तेवढा फरक. पण नेमकं काय होतंय, कधी होतंय, कोणत्या दिवशी जास्त होतंय, हे दोन्हीकडे कुणी विचारलं नाही.

ते विचारणाऱ्या डॉक्टर मॅडम मिरजेत भेटल्या. त्यांनी आधी रक्तदाब घेतला आणि मग प्रश्नांची सरबत्ती केली. त्यातले बरेच प्रश्न गोळ्या सुरू करतानाच विचारायचे असतात, हे मला तिथे कळलं. आईला, बहिणीला कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का? सिगारेट, मिश्री? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेषा येतात का? हा शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. अशा रेषांसह येणारी अर्धशिशी असेल तर एस्ट्रोजेन असलेली गोळी द्यायचीच नसते, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ही स्थिती सर्वांत वरच्या धोक्याच्या गटात आहे. पुढचा प्रश्न फिट्सच्या औषधांचा. लॅमोट्रिजिन घेणाऱ्या बाईला ही गोळी दिली की रक्तातलं लॅमोट्रिजिन बरंच खाली येतं आणि फिट्स परत सुरू होऊ शकतात. म्हणजे गोळीचा मेंदूशी संबंध येण्याच्या या दोन वाटा अगदी पक्क्या, वाद नसलेल्या. माझ्या बाबतीत दोन्हींचं उत्तर नाही असं होतं.

मग त्यांनी विचारलं, "याआधी कधी मन असं खचलं होतं? बाळंतपणानंतर?" बाळंतपणानंतर काही आठवडे मी खूप रडत होते. ते कुठल्याच केसपेपरवर नव्हतं. मॅडमनी लिहून घेतलं.

"गोळी अंडाशयावर काम करते असं सगळ्यांना वाटतं," असं म्हणून त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे एक चित्र काढलं. वर मेंदू, त्यात हायपोथॅलॅमस, खाली पिट्युटरी, त्याखाली दोन अंडाशयं. हायपोथॅलॅमसकडून ठोक्याठोक्याने इशारा सुटतो, त्यावर पिट्युटरी एफएसएच आणि एलएच ही हार्मोन्स सोडते आणि त्यांच्या जोरावर अंडाशयात बीज पिकतं. गोळीतली हार्मोन्स रक्तातून वर जातात आणि तो इशाराच मंद करतात. बीज बाहेर पडत नाही, कारण वरून हुकूमच सुटत नाही. "म्हणजे औषधाचं पहिलं काम मेंदूतच चालतं," त्या म्हणाल्या. "मग बाकीच्या मेंदूला त्याची गंधवार्ता नसेल असं आपण कशावरून म्हणायचं?"

एवढं साधं मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुढचंही सांगितलं. अंडाशय शांत झालं की शरीराचं स्वतःचं एस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन खाली जातं. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. गोळ्या घेणाऱ्यांत तो कमी आढळतो, कारण गोळीतलं कृत्रिम प्रोजेस्टिन त्याची जागा भरून काढत नाही. बहुतेकींना त्याने काही होत नाही. काहींना होतं. कुणाला होईल हे आधी ओळखायची चाचणी नाही, पण पूर्वी मन खचल्याची नोंद असेल तर जास्त लक्ष ठेवायचं. हे ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या तक्रारीला बसायला एक खुर्ची मिळाली.

त्यांनी गोळ्या लगेच बंद केल्या नाहीत. मला आश्चर्य वाटलं, थोडा रागही आला. त्यांचं म्हणणं असं: "मरणाचे विचार येत असतील तर आत्ता या क्षणी बंद करू आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ. तसं नसेल तर आधी बघू या. आज सगळं एकदम बदललं तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळणार नाही." तसे विचार नव्हते. एका वेळी एकच बदल, असं ठरलं.

त्यांनी एक झेरॉक्स कागद दिला. रोज रात्री भरायचा तक्ता. उदासी, चिडचिड, कशात रस न वाटणं, लक्ष न लागणं, झोप, भूक, प्रत्येकापुढे १ ते ६ पैकी एक आकडा. वर एक ओळ, आज गोळी घेतली की सुट्टीचा आठवडा (एकवीस गोळ्या संपल्यावरचे बिनगोळीचे सात दिवस) चालू आहे. एकच अट: त्या रात्रीचं त्या रात्री भरायचं. रविवारी बसून आठवडाभराचं भरलं तर आज जसं वाटतंय तसाच सगळा आठवडा रंगतो, म्हणाल्या. शिवाय रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, डी जीवनसत्त्व आणि बी-ट्वेल्व्ह.

कामाचं मोजमाप मी स्वतः ठरवलं. सरकारी परीक्षेच्या वेळचे मिनिटाला शंभर शब्द गतीचे उतारे माझ्याकडे जपून ठेवलेले होते. नवऱ्याने ते घड्याळ लावून मोबाइलवर वाचून रेकॉर्ड केले. दर शनिवारी दुपारी एक नवा उतारा घ्यायचा, उतरवून काढायचा आणि गळलेल्या शब्दांवर लाल पेन्सिलने गोल करायचा. लघुलेखनात रेघेची जाडी-बारीक बदलली की अक्षर बदलतं, त्यामुळे हात डळमळला की कागदावर लगेच दिसतं. माझ्या रेघा ठीक होत्या. गोल पडत होते ते वाक्याच्या शेपटाकडे, म्हणजे जिथे शब्द डोक्यात धरून ठेवायचे असतात तिथेच. हात चालत होता, साठवण चालत नव्हती.

दोन-तीन पाकिटं अशी गेली. या काळात मी वाचायलाही लागले. न्यायालयात एवढी वर्षं काढल्यावर एक खोड लागते, कुणाची साक्ष काय आहे आणि उलटतपासणीत ती किती टिकते हे बघायची.

सगळ्यात मोठी साक्ष डेन्मार्कची. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरातल्या १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. मिश्र गोळ्या, म्हणजे एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेल्या, घेणाऱ्या स्त्रियांना पहिल्यांदा नैराश्याचं औषध सुरू व्हायचं प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी जास्त होतं. १५ ते १९ वयाच्या मुलींत ते ८० टक्क्यांनी जास्त. हे आकडे वाचून छातीत धस्स होतं. पण तेच दुसऱ्या तऱ्हेने मांडलं की असं दिसतं: वर्षभरात न घेणाऱ्या शंभर जणींपैकी १.७ जणींना औषध सुरू झालं, घेणाऱ्या शंभरांपैकी २.२ जणींना. म्हणजे दोनशे जणींमागे एखादी जास्तीची. सासूबाईंचं "डोकं फिरतं" आणि दवाखान्याचं "काय संबंध" या दोन्हींना हा आकडा एकाच वेळी उत्तर देतो. शिवाय नोंदींवरच्या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायका मुळातच वेगळ्या असू शकतात, ही पळवाट राहतेच.

ती बंद करणारा प्रयोग स्वीडनमध्ये झाला. कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी ३४० निरोगी तरुणींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. निम्म्यांना तीन महिने खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली. कुणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नव्हतं, देणाऱ्यांनाही नव्हतं. २०१७ मध्ये निकाल आला: नैराश्याच्या लक्षणांत ठळक फरक नाही, पण एकूण बरं वाटणं, उत्साह, स्वतःवरचा ताबा या गोष्टी खऱ्या गोळीच्या गटात कमी. आणि ती गोळी कोणती? लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम, एथिनिल एस्ट्राडायॉल ०.०३ मिलिग्रॅम. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या माला-डीत आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या पांढऱ्या गोळीत हीच दोन औषधं याच मापात असतात. खेड्यापाड्यातल्या बायकांपर्यंत आशाताई जे पाकीट पोचवतात, त्याच्याबद्दलची ही माहिती आहे. ती त्या बायकांपर्यंतही पोचायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

उप्सालाचा एक छोटा प्रयोग मला सगळ्यात जवळचा वाटला. ज्यांना पूर्वी गोळ्यांनी मनाचा त्रास झाला होता अशा ३४ स्त्रियांनाच त्यात घेतलं होतं. त्यांनाही खरी की खोटी गोळी हे न सांगता दिली. खरी गोळी मिळालेल्यांचं मन पुन्हा खाली गेलं आणि भावना दाखवणारे चेहरे बघताना मेंदूच्या काही भागांतली हालचालही बदललेली दिसली. पूर्वी "मनाचे खेळ" म्हणून बाजूला सारलेली तक्रार तिथे झाकून ठेवलेल्या गोळीनेही परत आणली.

मेंदूच्या रचनेबद्दल मात्र सावधपणे बोलायला हवं. मॉन्ट्रिअलच्या संशोधकांनी २०२३ मध्ये १८० जणांचे एमआरआय मांडले. कपाळामागे, मधोमध खालच्या बाजूला भीती आवरायला मदत करणारा एक पट्टा असतो. पुरुषांशी तुलना करता तो फक्त सध्या मिश्र गोळ्या घेत असलेल्या स्त्रियांत पातळ आढळला. पूर्वी घेऊन सोडलेल्यांत तसा फरक नव्हता. म्हणजे फरक असेल तर तो परत फिरणारा असावा, असं त्यावरून वाटतं. पातळ म्हणजे बिघडलेला असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या प्रयोगशाळेत तर एकाच तरुणीचा सलग तीस दिवस रोज एमआरआय काढला आणि रोज रक्त तपासलं, मग पुढे गोळ्या चालू असताना पुन्हा तेच सगळं केलं. पाळीच्या चक्रात प्रोजेस्टेरॉनबरोबर तिच्या स्मृतीशी निगडित भागाचा आकार किंचित वरखाली होत होता. गोळ्यांनी प्रोजेस्टेरॉन दाबल्यावर ती वरखाली थांबली. त्याच प्रयोगशाळेच्या लोकांनी मेंदूच्या चित्रणावरचे पंचवीस वर्षांतले हजारो शोधनिबंध चाळले, तर स्त्रियांच्या आरोग्याशी निगडित बाबी लक्षात घेणारे निबंध जेमतेम अर्धा टक्का निघाले. कोट्यवधी बायका रोज एक गोळी घेतात आणि हा हिशेब.

आणि ज्यासाठी मी वाचायला बसले होते ती गोष्ट, स्मरणशक्ती? तिथे साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. काही अभ्यासांत गोळीच्या दिवसांत शब्द लक्षात ठेवण्याची कुवत उलट किंचित वाढलेली, काहींत झटपट शब्द सुचण्यात किंचित मागे. कॅलिफोर्नियातच अर्व्हाइनला स्त्रियांना एका अपघाताची चित्रकथा दाखवून आठवडाभराने विचारलं, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांना कथेचा गाभा चांगला आठवत होता आणि न घेणाऱ्यांना बारीकसारीक तपशील. कुणाची बुद्धी कमी झाली असं कुठेच नाही. फरक असलेच तर छोटे. माझे शनिवारचे लाल गोल छोटे नव्हते. तिथेच मनात पाल चुकचुकली.

रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन काठावर. बी-ट्वेल्व्ह मात्र किमान मर्यादेच्या बरंच खाली. मॅडमनी विचारलं, "मेटफॉर्मिन किती दिवस घेताय? मांसाहार?" आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की अन्नातलं बी-ट्वेल्व्ह शोषलं जाणं कमी होतं. शाकाहारी माणसाकडे मुळात साठा कमी, तो आणखी आटतो. आणि ते कमी झालं की विसराळूपणा, लक्ष न लागणं, पायांना मुंग्या. मुंग्या येत होत्या. दिवसभर खुर्चीत बसल्यामुळे असतील असं मी धरून चालले होते. पीसीओडीच्या कित्येक मुलींना मेटफॉर्मिन आणि हार्मोनची गोळी एकाच चिठ्ठीवर मिळते. डोकं चालेनासं झालं की दोष हार्मोनच्या गोळीवर जातो, कारण तिची बदनामी जुनी आहे. मेटफॉर्मिनकडे कुणी बघत नाही.

तक्त्याने आणखी एक गोष्ट दाखवली. उदासीचे आणि रस नसण्याचे आकडे पाकिटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाचावर जायचे आणि गोळ्यांच्या सुट्टीत दोन-तीनवर उतरायचे, प्रत्येक पाकिटात. लक्ष न लागण्याचा आकडा मात्र महिनाभर एकाच उंचीवर होता. लाल गोलही तसेच, गोळीचा आठवडा असो की सुट्टीचा. मी दोन्ही त्रास एकाच गाठोड्यात बांधले होते, कागदावर ते वेगवेगळे निघाले.

पहिला बदल बी-ट्वेल्व्हचा. इंजेक्शनं सुरू झाली, गोळ्या तशाच चालू ठेवल्या. साधारण महिन्याभरात मुंग्या कमी झाल्या आणि शनिवारचे गोल विरळ होत गेले. डिक्टेशन घेताना एका सकाळी मला जाणवलं की वाक्याचं शेपूट हातात येईपर्यंत डोक्यात थांबतंय. पण तक्त्यातली उदासी जागची हलली नाही. तिसऱ्या आठवड्यात पाच, सुट्टीत दोन. मुलगी बोलत होती आणि मी अजून तशीच ऐकत होते.

तेव्हा दुसरा बदल. मॅडमनी पर्याय मांडले: दुसऱ्या प्रोजेस्टिनची गोळी करून बघता येईल, हार्मोनचं आययूडी (गर्भाशयात बसवायचं साधन) आहे, तांबी आहे. हार्मोनच्या आययूडीतलं औषध मुख्यतः गर्भाशयातच काम करतं, पण डेन्मार्कच्या नोंदींत त्याच्यासोबतही मनाच्या तक्रारी जास्त होत्या, हेही त्यांनी लपवलं नाही. मी तांबी निवडली. पाकीट पूर्ण करून पाळीत ती बसवली. अर्ध्यावर गोळ्या सोडून दिल्या की रक्तस्राव सुरू होतो आणि दिवस राहण्याची भीती असते, म्हणून दुसरी सोय हातात असताना बंद करायचं, हे त्यांनी बजावून सांगितलं होतं.

पहिल्या महिन्यात विशेष काही नाही. पोटात कळा आणि पाळीत अंगावरून जास्त जाणं, तांबीने तसं होतं. दुसऱ्या महिन्यात आकडे उतरले आणि उतरलेलेच राहिले. मोठं काही घडलं नाही. मुलगी गॅदरिंगच्या नाचात चुकून उलटीकडे वळली आणि समोरच्या मुलीला धडकली, ते तिने करून दाखवलं. मी हसले आणि "परत दाखव" म्हणाले. त्या रात्री तक्त्यात रस नसण्यापुढे एक लिहिला.

याची किंमतही सांगायला हवी. गोळ्या गेल्या तशी पाळी पुन्हा रेंगाळायला लागली, पुरळ आलं, हनुवटीचे केस परतले. पीसीओडीत पाळी फार लांबली की गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्यातून कर्करोगाचा धोका संभवतो, म्हणून पाळी तीन महिने लांबली की काही दिवस प्रोजेस्टेरॉन घेऊन ती आणावी लागते. त्या दिवसांतही मी तक्ता भरते. आतापर्यंत त्या थोड्या दिवसांचा मनावर भार पडलेला नाही. मिश्र गोळीने अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, तो फायदा मी सोडला. माझ्या एका मैत्रिणीला एंडोमेट्रिओसिस आहे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढून पाळीत फार दुखतं. दर महिन्याला दोन दिवस ती बँकेत उभी राहू शकत नसे. गोळ्यांनी तिचं दुखणं थांबलं आणि तिच्या शब्दांत "डोकं पहिल्यांदा मोकळं झालं". पाळीआधी मन फार बिघडणाऱ्या काहींना तर ड्रॉस्पिरेनोन या प्रोजेस्टिनची गोळी त्यासाठीच देतात. माझ्या मैत्रिणीसारखीने माझं ऐकून गोळी सोडली तर माझ्या हातून पाप घडेल.

वाचताना एक जुनी गोष्ट सापडली, ती अजून मनातून जात नाही. १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोत गोळीची पहिली मोठी चाचणी झाली, गरीब वस्तीतल्या बायकांवर. आजच्या गोळीच्या कितीतरी पट हार्मोन तिच्यात होतं. तिथलं काम बघणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की सुमारे १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या होताहेत आणि सर्वसाधारण वापरासाठी हे फार जास्त आहे. वर बसलेल्यांनी बऱ्याचशा तक्रारी मानसिक ठरवल्या आणि १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली. १९७० मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये गोळीच्या धोक्यांवर सुनावणी झाली तेव्हा गोळी घेणाऱ्या एकाही बाईला साक्षीला बोलावलं नव्हतं. बायका प्रेक्षकांतून उठून ओरडल्या. त्यानंतर तिथे पाकिटात माहितीपत्रक घालणं बंधनकारक झालं. आज आपल्या पाकिटात बारीक टाइपात घडी घातलेला जो कागद असतो, त्याची वाट त्या बायकांनी पाडली असं मला वाटतं. मनःस्थितीतले बदल, नैराश्य हे त्यात बहुधा लिहिलेलं असतं. मी तो पहिल्यांदा उघडला तो मिरजेहून आल्यावर, भिंग घेऊन.

माझ्या जाऊबाईंची बहीण कवठेमहांकाळकडे असते, ती 'अंतरा' हे दिवस न राहण्याचं हार्मोनचं इंजेक्शन घेते. तीन महिन्यांतून एकदा, सरकारी दवाखान्यात. तिच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे: गोळी नको झाली तर थांबवता येते, इंजेक्शन एकदा घेतलं की तीन महिने अंगातून काढता येत नाही. तिला मी तक्त्याची झेरॉक्स दिली. ती लिहीत नाही, तिची मुलगी रोज रात्री विचारून भरते. तिच्या आकड्यांत आजवर काही वावगं नाही आणि ती इंजेक्शनवर खूश आहे.

जाऊबाईंची स्वतःची मुलगी सोळाची. तिलाही पीसीओडी निघालं, पाळी चार-चार महिने नाही आणि डॉक्टरांनी गोळ्या सुचवल्या. डेन्मार्कचा तो १५ ते १९ वयाचा आकडा मला पाठ होता, त्यामुळे माझा जीव वरखाली होत होता. पण नको म्हणायला मी कोण? मी एवढंच सांगितलं की आधी महिनाभर तक्ता भर, गोळ्या नसताना तू कशी असतेस ते कागदावर असू दे. जाऊबाईंना म्हटलं, तुम्हीही वेगळा भरा, कारण आपण गप्प झालोय हे गप्प झालेल्या माणसाला लवकर कळत नाही. मिरजेच्या मॅडमनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचले, तिला आईशिवाय दहा मिनिटं आत बसवून घेतलं आणि गोळी सुरू केली, लेव्होनॉर्जेस्ट्रेलची, मेटफॉर्मिन न देता. मन खाली गेलं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. रात्री-बेरात्री काही वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला. तिची पहिली फेरतपासणी दिवाळीनंतर आहे, तोवर दोघी रोज रात्री आपापला कागद भरतात.